वरचे चार रुपये

तुमच्या सोसायटीतही ते असतीलच. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीतले काका दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी, दुर्दैवाने, तिसऱ्या. त्यामुळे स्टेशनबाहेर गाठ पडली की एकाच रिक्षातून येणं टळत नाही. मग वजिरा नाक्यापाशी मागे हॉर्नचा वाद्यवृंद, मी मान खाली घालून, आणि काका रिक्षावाल्यापुढे तळहात पसरून उभे.

"प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे."

लोक मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवतात, काका भाडेवाढी. 2015 मध्ये किमान भाडं 18 झालं : विसाच्या नोटेतून 2 परत. ऑक्टोबर 2022 ला 23 : पंचविसातून पुन्हा 2. 1 फेब्रुवारी 2025 पासून 26, म्हणजे तिसातून 4. तत्त्व एका रात्रीत दुप्पट झालं! मधलं 21 रुपयांचं दीडेक वर्ष मात्र त्यांना फार जड गेलं. सगळे म्हणायचे, करोनामुळे. छे! विसाच्या वर रुपया आपणच द्यायचा, भांडायचं कशावरून?

दीड किलोमीटरपर्यंत किमान भाडं. आमचं फाटक त्याच्या दहा पावलं पुढे. म्हणून मीटर पडायच्या आत काका उतरतात आणि काकू भाजीची पिशवी सावरत मागून येतात. एकदा बडोद्याचं लग्न आटोपून येताना गाडीने सगळ्यांना पावणेपाचला बोरिवलीला उतरवलं. बारा ते पाच सव्वापट भाडं! काकांनी अख्खं कुटुंब पाचाच्या ठोक्यापर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं. जावईसुद्धा. मांडीवर आहेराची परात घेऊन.

मी 'राहू दे' जमातीतला. दोन रुपये सोडतो आणि घरापर्यंत दानशूर कर्णासारखा चालतो.

त्या 21 च्या काळातली गोष्ट. सलग तीन संध्याकाळी काका रिक्षा स्टँडवर वाकून वाकून नंबरप्लेट वाचताना दिसले. हातात औषधाच्या बिलामागे लिहिलेला नंबर. तिसऱ्या दिवशी मला राहवेना.

"किती राहिलेत त्याच्याकडे?"

"एक रुपया."

"सोडा हो काका!"

"त्याच्याकडे नाही. माझ्याकडे राहिलाय. सुटे नव्हते त्या दिवशी."

तेवढ्यात तो सापडला. "जाने दो ना अंकल," तो हसून म्हणाला. "नहीं, तत्त्व का सवाल है!" काका असे ओरडले की स्टँडवरच्या निम्म्या चालकांना भांडण पेटलंय असं वाटलं. रुपया त्याच्या मुठीत कोंबूनच ते हलले. असे माझ्याकडे राहिलेले किती रुपये असतील, हा हिशेब मी घरी जाऊन केला नाही.

हल्ली लेकीने काकांच्या फोनवर पैसे पाठवायची सोय करून दिली आहे. मागच्या आठवड्यात आम्ही बरोबर आलो. पुढच्या सीटमागे चिकटवलेल्या चौकोनावर काकांनी फोन धरला, 26 टाकले, चष्मा वर करून दोनदा वाचले. "आ गया," म्हणत चालकाने मीटर उचललं. मागून एकही हॉर्न नाही.

काका उतरले. तळहात नेहमीसारखा पसरलेला.

"काका, बरोबर गेलेत पैसे."

"हो. बरोबर गेले."

पाऊस आला का बघावं तसं त्यांनी तळहाताकडे पाहिलं, हात खिशात घातला आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.