परडी घरीच ठेवायची

आपल्याकडे वसंत शोधावा लागत नाही. पळस, पांगारा, काटेसावर एसटीच्या खिडकीतूनही दिसतात. नाही बघितलंत तरी तेच तुमच्याकडे बघतात. ओहायोतला वसंत मात्र घोट्याएवढा. एप्रिल संपत आला तरी तो वाळक्या पाल्यात हुडकावा लागतो, आणि त्यासाठी माणसं रविवारची झोप मोडून निघतात. मुलीनं आम्हा दोघांना क्लीव्हलंडजवळच्या कायाहोगा व्हॅलीच्या जंगलात नेलं ते याचसाठी.

गाडीतच तिनं बजावलं, "आई, नॅशनल पार्क आहे. एकही फूल तोडायचं नाही." तिला माझा इतिहास ठाऊक आहे. ठाण्यात सकाळी फिरायला निघताना माझ्याकडे पिशवी असते आणि पावसाळा नसला तरी छत्री. छत्रीची मूठ वाकडी असते. कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंद देवाची, असं आमच्या अख्ख्या मंडळाचं मत आहे. "मग पुण्य कुणाच्या खात्यात?" असं ह्यांनी एकदा विचारलं होतं. त्या दिवशी त्यांना चहा उशिरा मिळाला.

ओढ्याकाठी स्कंक कॅबेजची रुंद पानं माजली होती. हे झाड स्वतःची ऊब तयार करून, भोवतीचा बर्फ वितळवून थंडीतच फुलतं. ह्यांचा बूट एका पानावर पडला आणि असा काही दर्प सुटला की हे म्हणाले, "हे फूल ठाण्यात असतं तरी तुझ्या हातून वाचलं असतं."

बाकीची फुलं घाईतली. वरच्या झाडांना पालवी फुटेपर्यंतच ऊन जमिनीवर पोचतं; तेवढ्या काही आठवड्यांत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि गडप व्हायचं. अकरा महिन्यांचा भाडेकरार यापेक्षा बरा. ब्लडरूटच्या पाकळ्या तर दोनेक दिवसांत गळतात. आम्ही पोचलो तेव्हा नुसती पानं उभी होती. मुलीनं त्यांचेही फोटो काढले.

फूल नीट बघायचं तर गुडघे टेकायला हवेत. हे टेकले आणि तिथेच राहिले. गुडघा अडकला. एक माणूस इतका वेळ जमिनीला खिळलाय म्हणजे काहीतरी दुर्मीळ असणार, असं समजून मागची मंडळी कॅमेरे सरसावून धावली. काय सापडलं, हे विचारण्याचा कमीपणा कुणीच घेईना. सगळे गुपचूप पाला न्याहाळू लागले. गंमत म्हणजे ह्यांच्या बुटाशेजारीच डचमन्स ब्रीचेस निघालं. नाजूक देठावर ओळीनं उलट्या टांगलेल्या चिमुकल्या पांढऱ्या विजारी, कमरेशी पिवळी किनार. ह्यांचं अभिनंदन झालं. त्यांनी ते बसल्या बसल्या स्वीकारलं.

आणि मग उतारावर ट्रिलियम. तीन पानं, त्यावर तीन पाकळ्यांचं पांढरंशुभ्र फूल. बेलाची आठवण आल्यावाचून कशी राहील? दुसऱ्या दिवशी सोमवार होता. हात निघालाच. मुलगी घाईघाईनं सांगू लागली, बी मुंग्या वाहून नेतात, बीपासून फूल यायला सात-आठ वर्षं लागतात, खुडलं तर पानंही जातात आणि झाड उपाशी मरूही शकतं. सात वर्षं म्हटल्यावर मी हात कोटाच्या खिशात घातला. पण महादेवाला काय सांगू? जागच्या जागीच डोळे मिटून "ॐ नमः शिवाय" म्हटलं.

शेजारच्या दुर्बीणवाल्या बाईंनी वही उघडून अदबीनं विचारलं, हे याचं शास्त्रीय नाव का?

हे म्हणाले, "येस."