साहेब, कंपनी कोणती?

हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत दरवर्षी एक ठरलेला संवाद होतो. गिऱ्हाइकाला हवी असते दीड फुटाची एकच मूर्ती, पण तोंडी मागणी, "होलसेलने लावा की." कारखानदार ब्रश न थांबवता विचारतो, "दुकान कुठं तुमचं?" पेण तालुक्यातली पात्रता तपासणी एवढ्यावर आटोपते.

हॉटेलवाल्यांना मात्र हे जमलेलं नाही.

डोलवीला पोलाद, नागोठण्याला पेट्रोकेमिकल, धाटावच्या एमआयडीसीत रसायनं. त्यामुळे पेण-रोह्यात घरटी एक तरी माणूस 'कंपनीत' असतो. मोठ्या कंपन्या हॉटेल साखळ्यांशी वर्षाचा करार करतात: आमची माणसं एवढ्या रात्री तुमच्याकडे उतरतील, भाव उतरवा. त्या भावाचा एक कोड असतो. वेबसाइटवरच्या चौकटीत तो टाकला की खोली स्वस्त. टाकणारा कोण, हे चौकट सहसा विचारत नाही. मग तो कोड मेव्हण्याकडून साडूकडे, साडूकडून सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि जन्मात धाटावचं गेट न ओलांडलेली माणसं गोव्यात 'एक्झिक्युटिव्ह' म्हणून उतरतात.

मोहही तसाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८. आठ हजारांची खोली करासह ९,४४० ला पडते. कोडने तीच ७,४०० वर आली तर ७,७७०. सहाशेच्या सवलतीत सोळाशे सत्तर वाचले! एवढं गणित मुलाच्या दहावीत जमलं असतं तर क्लासची फी वाचली असती.

पण काउंटरवर एक मुलगी बसलेली असते.

"सर, कंपनीचं आयडी?"

"घरी राहिलं."

"ऑफिसचा ईमेल दाखवता?"

"सुट्टीत मी ईमेल बघत नाही."

"बरं, बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर करू?"

इथे सौभाग्यवती सामान मोजायला लागतात. कारण तसं बिल फाटलं की त्याची नोंद कंपनीच्या जीएसटीआर-२बीत जाऊन बसते आणि मेव्हण्याला अकाउंट्समधून फोन येतो. नाही म्हणावं, तर त्या दिवसाचा पूर्ण भाव भरा.

गंमत म्हणजे हेच गृहस्थ पेण-रोहा एसटीत सरकारी सवलतींवर व्याख्यान देतात. पंच्याहत्तरी उलटलेल्या आजींनी फुकट प्रवासासाठी कंडक्टरला आधार दाखवलं, की यांना ते 'फुकटं' दिसतं. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या छाननीत दोन हजारांवर सरकारी कर्मचारी महिला लाभार्थी निघाल्या. खातं रोह्याच्याच आदिती तटकरे यांचं. त्या बातमीवर तर गृहस्थ आठवडाभर बोलत होते. वसुली करा म्हणाले, गुन्हे दाखल करा म्हणाले. खिशातल्या मोबाइलवर मेव्हण्याचा कोड होताच.

काही करारांत कर्मचाऱ्याला खासगी सहलीलाही तो भाव मिळतो, काहींत फक्त कामाच्या दौऱ्यावर. तेव्हा दिवाळीचं बुकिंग करण्याआधी आपल्या एचआरला एक ओळ लिहून विचारा आणि होकार आला तर ओळखपत्र बॅगेत टाका. मेव्हण्याच्या एचआरला मात्र विचारू नका. त्याची नोकरी अजून शाबूत आहे.