चालत पाच मिनिटं

बदलापूर पूर्वेला फ्लॅट घेतला, तेव्हा माहितीपत्रकात ‘स्टेशन चालत ५ मिनिटं’ असं छापलं होतं. कोणाच्या चालीने, ते छापायचं राहिलं. आम्हाला १८ लागतात. त्यातली चार फुटपाथवर विसावलेल्या बुलेटींना वळसा घालण्यात जातात. पूर्वी इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं सांगतात. घोडा मिळता तर काय हवं होतं! मिळते ती शेअर रिक्षातली चौथी सीट, ड्रायव्हरला खेटून, एक मांडी रस्त्यावर. शेजारी अंबरनाथला १०६० सालचं शिवमंदिर उभं आहे. आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण मात्र दोन पावसाळेही टिकलं नाही. तरी पायी जाण्याने ओळखी वाढतात हे खरं. कोपऱ्यावरचा वडापाववाला आता लांबूनच विचारतो, “काका, आजपण लोकल गेली ना?”