अठ्ठेचाळीस केबीचे मालगुजार

पेपर मिलमधून निवृत्त झालेली टेक्निकल माणसं बल्लारपुरात स्वस्थ बसत नाहीत. कोणी गल्लीतले मिक्सर दुरुस्त करतो, कोणी जावयाचं चालू इन्व्हर्टर बिघडवून देतो. त्यातला एखादा मात्र माळ्यावर चढतो आणि 1986च्या सुमाराचा डीबी स्पेक्ट्रम प्लस घेऊन उतरतो. खाली कॉम्प्युटर येतो. काका वरच राहतात.

हा सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम, डेसिबेल्स कंपनीने परवान्यावर भारतात विकलेला. झेड-80 प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ, मेमरी 48 केबी. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुलाबसुद्धा याहून जड असतो. पण काका त्या 48 केबीचा रुबाब मालगुजारीसारखा मिरवतात.

आधी कीबोर्ड. वरची बटणं ठणठणीत, पण खालच्या मेम्ब्रेनची पट्टी चंद्रपूरचे उन्हाळे खाऊन अशी वाळलेली की बोट लागताच कटकन मोडते. नवी इंग्लंडहून येईपर्यंत पोस्टमनला चैन नाही. मग अ‍ॅडॉप्टर. इतर बहुतेक अ‍ॅडॉप्टरांच्या पिनीत मध्ये प्लस, याच्यात मध्ये मायनस. चुकीचा खुपसला की मशीन गेलं. म्हणून त्यावर काकूंच्या लाल नेलपॉलिशने लिहिलंय: ‘दुसरा लावू नये’. नेलपॉलिश संपलं, हे काकूंना नंतर कळलं.

पूर्वी कॅसेटवरून एक गेम चढायला पाचेक मिनिटं लागायची. टीव्हीच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या नाचायच्या आणि अगदी शेवटी ‘टेप लोडिंग एरर’. आता मागच्या एज कनेक्टरला खोडरबर घासून डिवएमएमसी नावाचं बोर्ड लावलं, की मेमरी कार्डवरून गेम क्षणात हजर. कार्ड 32 जीबीचं, म्हणजे वाड्यात ठेवलेला गडी मालकापेक्षा साडेसहा लाख पट श्रीमंत! वायफायसाठी जोडलेल्या चिमुकल्या चिपचा वेगही मालकाच्या वीसेक पट. तरी हुकूम मालकाचाच चालतो, आणि काकांना नेमकं तेच आवडतं.

बल्लारशाहच्या डेपोतलं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं. काकांनी त्याच सागवानाच्या फळकुटाची डबी करून डिवएमएमसीला घातली. पॉलिश तीन हात.

लोक याला जुन्या आठवणींचं वेड म्हणतात. मला तसं वाटत नाही. मोबाइल उघडावा तर आत सगळं चिकटवलेलं. इथे झाकणाचे स्क्रू काढले की प्रत्येक चिप नावानिशी दिसते, आणि 16 केबीच्या रॉममध्ये काय काय आहे हे एका माणसाच्या डोक्यात मावतं. इतकं पूर्ण कळलेलं काकांच्या घरात दुसरं काही नाही. काकू तर नाहीतच.

शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा सगळं बघून विचारतो, “काका, पण याच्यावर करता काय?”

“अजून वाढवूनच ऱ्हायलो ना बाबू!”

एप्रिल 2024मध्ये झायलॉगने मूळ झेड-80 बंद करत असल्याचं जाहीर केलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुःखाने नव्हे, फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. पुढे पार्सल आलं, सहा चिपांचं.

काकूंनी मोजून विचारलं, “एका मशीनला किती लागते जी?”

“एक.”

“मंग बाकी पाच?”

“मशीनं पाहून ऱ्हायलो ना.”