स्थळ : संकटाजवळ

काशीच्या मराठी वस्तीत पुरोहित हवे तेवढे मिळतात, आचारीही मिळतो. पत्रिकेचा मजकूर सांगणारा माणूस मात्र एकच असतो. शिंदे घाटावरच्या गल्ल्यांतल्या या गृहस्थांना आपण पत्रिकाकाका म्हणू. नाव घेत नाही, कारण शेजारच्या चार गल्ल्यांतले चार काका 'हा मीच' म्हणत उभे राहतील. निवृत्त, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खिशात लाल पेन. बारसं, मुंज, साखरपुडा, काहीही असो, आधी गणपतीला नारळ आणि मग मजकूर काकांकडे.

"पत्रिका वाचून कोणी येत नाही," हे काकांचं ठाम मत. "न येण्याचं कारण सापडावं म्हणून वाचतात." आत्याचं नाव मामाच्या खाली गेलं की आत्या गेलीच. 'चि.' आणि 'कै.' यांच्या जागा तर ते बोट ठेवून तपासतात. शुद्धलेखनाचा विषय निघाला की थेट बाबूराव विष्णु पराडकरांपर्यंत जातात. काशीतल्या मराठी घरात जन्मलेल्या पराडकरांनी 'आज' दैनिकातून हिंदीला वळण लावलं, आणि तुम्हाला आपल्या 'निमंत्रण'मधला 'नि' ऱ्हस्व काढता येऊ नये?

त्यांची खरी कसोटी लागली ती एका पंचाहत्तरीला. बंगळूरहून आलेल्या मुलाने वडिलांसाठी संध्याकाळचा बजडा, म्हणजे मोठी नाव, ठरवला होता. पत्रिकाही फोनवर तयार होती. काळ्यावर सोनेरी अक्षरं : 'नाना ७५. शिंदे घाट, सायंकाळी ६. पोशाख पांढरा.'

काका बराच वेळ फोनकडे पाहत राहिले.

"पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला घेऊन, संध्याकाळी, पांढऱ्या कपड्यांत, मणिकर्णिकेच्या शेजारी जमायचं?" ते म्हणाले. "लोक हार आणतील रे बाबा. पण कुठले?"

पांढरा रंग तिथेच बाद झाला. पत्ता मात्र काही केल्या सुटेना. शिंदे घाट नेमका मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाला लागून. रिक्षावाला, नावाडी, पानवाला, सगळे मणिकर्णिकेचीच खूण सांगतात, आणि ती काही मंगल पत्रिकेत छापता येत नाही. दुसऱ्या अंगाला संकटा देवीचं देऊळ आणि तिच्या नावाचा घाट. देवी संकट निवारणारी, हे काशीत पोराटोरांना ठाऊक. पण पुण्याच्या पाहुण्यांनी 'स्थळ : संकटा घाटाजवळ' वाचून काय समजायचं? जरा पुढे भोसले घाट आहे. काकांनी तो लिहूनही टाकला. पण नानांचे व्याही ग्वाल्हेरचे. शिंद्यांच्या घाटावर जेवायचं आणि नाव नागपूरकरांचं लावायचं, हे त्यांना मानवेना. शेवटी 'मणिकर्णिका' हा शब्द टाळून चौकापासून येण्याचा रस्ता लिहायचं ठरलं. तो अकरा ओळींचा झाला. नाना स्वतः दीड ओळीत उरकले होते.

मोकळी जागा काकांना सोसत नाही. 'कुलस्वामिनीच्या कृपेने', 'ज्येष्ठांच्या आशीर्वादाने', 'आपल्या उपस्थितीने शोभा वाढवावी' असं एकेक आत शिरत गेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधला तो इतका भरभक्कम, की स्वतःच्याच वजनाने खचला म्हणतात. काकांच्या मसुद्यांची जातकुळी तीच. फरक एवढाच, की घाटाची नंतर डागडुजी झाली.

चित्र घाटाचंच हवं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, एका बाजूला चांगलंच कललेलं. वर्षातला बराच काळ ते पाण्यातच असतं. काशीतला प्रत्येक फोटोवाला त्याच्यापुढे गुडघे टेकतो, भक्तीने नव्हे, कोनासाठी. छापखान्यातून नमुना आला तेव्हा देऊळ ताठ उभं होतं.

"चाचा, टेढ़ा अच्छा नहीं लग रहा था," संगणकावरचा पोरगा म्हणाला. "सीधा कर दिया."

काकांनी प्रथमच लाल पेन खिशात परत ठेवलं. इतक्या वर्षांत कोणालाही न जमलेला जीर्णोद्धार माउसच्या दोन टिचक्यांत झाला होता. देऊळ पुन्हा वाकडं करण्यात संध्याकाळ गेली, आणि त्या गडबडीत पत्रिकेची शेवटची ओळ कोणी वाचलीच नाही. काकांच्या हाताला ती इतकी सवयीची, की लिहिताना त्यांनाही कळली नसावी : 'सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे.'

बजड्यावर जागा चाळीसजणांची. सहा वाजता पायऱ्यांवर शंभर-सव्वाशे माणूस उभं. रस्ता कोणाचाच चुकला नव्हता, अकरा ओळी कामी आल्या होत्या. नावाडी दोर सोडायला तयार नाही, नाना आत बसून खुशीत सगळ्यांना हात हलवताहेत, आणि काका पाण्याजवळच्या पायरीवर उभे राहून एका आत्याबाईंना समजावताहेत, "अहो, 'सहपरिवार' हे लिहायचं असतं, यायचं नसतं!"