निकाल तयार आहे, मतदान तेवढे उरकून घ्या

जबलपूरच्या रांझीत व्हेइकल फॅक्टरी आहे. त्यामुळे लाइनवर काय चढवले की टोकाला काय उतरते, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. १९ एप्रिल २०२४ ला लोकसभेचे मतदान झाले तेव्हा मस्ताना चौकातली चर्चा कोण जिंकणार याची नव्हतीच. किती लाखांनी, एवढीच होती. ४ जूनला आकडा आला. भाजपचे आशीष दुबे ४ लाख ८६ हजार ६७४ मतांनी विजयी, काँग्रेसचे दिनेश यादव पराभूत. २०१९ मध्ये राकेश सिंह यांनी विवेक तनखांना साडेचार लाखांनी हरवले होते. २०२४ मध्ये मतदान घटले आणि फरक वाढला. लोक जितके घरी बसतील तितका जनादेश स्पष्ट होतो, असे हे गणित आहे. उद्या कुणीच फिरकले नाही, तर निवड एकमताने झाली म्हणायला हरकत नाही.

काँग्रेसने काहीच केले नाही असे मात्र म्हणू नये. २०२२ मध्ये तिने जबलपूरचे महापौरपद खेचून आणले. मग लोकसभेच्या तोंडावर, फेब्रुवारी २०२४ मध्ये, महापौर जगत बहादुर सिंह ‘अन्नू’ भाजपमध्ये दाखल झाले. खुर्ची तीच, माणूस तोच, उपरणे तेवढे नवे. भाजपला एवढ्या स्वस्तात महापौर दुसऱ्या कुणी दिला असता?

इंदूर तर आणखी पुढे गेले. तिथे काँग्रेसच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला आणि त्याच दिवशी भाजप गाठला. मग ‘नोटा’ला २ लाख १८ हजारांवर मते पडून तो दुसरा आला. मध्य प्रदेशात विरोधक उरला नाही, ही ओरड म्हणूनच खोटी आहे. नोटा आहे, आणि तो पक्षांतरही करत नाही. राज्यातल्या २९ पैकी २९ जागा भाजपच्या. छिंदवाड्याचा कमलनाथांचा गडही पडला.

आता आमच्या कामगारांचे बघा. २०२१ मध्ये इथल्या फॅक्टऱ्या चालवणारे ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. लाल झेंडेवाले विरोधात होतेच, पण संघ परिवारातला भारतीय प्रतिरक्षा मजदूर संघही विरोधात होता. संपाची भाषा निघाली, तशी सरकारने संपबंदीचा कायदा आणला. रांझी-खमरियात गेटवर घोषणा झाल्या, घसे बसले. पुढे मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागली आणि आकडा तुमच्यासमोर आहेच. तेव्हा संप करायला बंदी होती, मतदान करायला मुभा. कंपनीवर परिणाम दोहोंचा सारखाच.

हे गाव पहिल्यापासून असे नव्हते. इथले खासदार सेठ गोविंददास गेल्यावर, आणीबाणीच्या आधी झालेल्या पोटनिवडणुकीत तुरुंगातल्या सत्तावीस वर्षांच्या शरद यादवांना याच जबलपूरने दिल्लीला धाडले. १९७६ मध्ये लोकसभेने स्वतःची मुदत वाढवून घेतली, तेव्हा हा पोरगा राजीनामा देऊन मोकळा झाला. पुढे मराठी घरांतून आपुलकीने ज्यांचे नाव निघते ते बाबूराव परांजपे आले. १९८२ ची पोटनिवडणूक त्यांनी भाजपसाठी जिंकली, १९८४ मध्ये जागा काँग्रेसकडे गेली, १९८९ मध्ये बाबूराव परत आले, १९९१ मध्ये पुन्हा काँग्रेस. मतदार कुणालाही गृहीत धरू देत नसे. १९९६ मध्ये बाबूराव पुन्हा निवडून आले आणि तेव्हापासून जबलपूरने खासदाराचा पक्ष बदललेला नाही. बदलायचे काम नेत्यांनीच अंगावर घेतल्यावर मतदाराने उगाच कशाला तसदी घ्यावी?

तेव्हा मायबाप मतदारहो, २०२९ मध्ये एवढेच करा. जिंकणाऱ्याचे नाव भिंतीभिंतीवर असेलच. हरणाऱ्याचे मात्र मतदानाच्या दिवशी सकाळी एकदा विचारून घ्या, आणि तो अजून त्याच पक्षात आहे ना, तेही.