सरळ गाडीचे मामा

मेहकरात ओळखीची गाडी उभी दिसली की मामा आधी तिच्या पुढच्या चाकाची विचारपूस करतात, मालकाची नंतर. उकिडवे बसतात, टायरवरून तळवा फिरवतात आणि मान वर करतात, "डावीकडं ओढून राह्यली ना?"

रस्ते पाणी निघावं म्हणून कडेला उतरते असतात, तेव्हा डाव्या बाजूनं चालणारी गाडी जराशी डावीकडं जायचीच, हे अलाइनमेंटवाल्या पोरानं त्यांना समजावून सांगितलंय. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुन्हा लाव मशीन."

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला. लोकांना नागपूर जवळ आलं, मामांना चाचणीचा पट्टा मिळाला. मेहकरजवळून चढायचं, काटा ऐंशीवर न्यायचा आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे. शेजारी मामी शारंगधर बालाजीला नवस बोलत असतात. गाडी आजवर सरळ गेली त्याचं श्रेय कोणाचं, यावर घरात एकमत नाही.

ज्ञान मात्र पक्कं. कॅस्टर बरोबर असला की वळण संपताच स्टिअरिंग आपोआप जागेवर येतं. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल. तो बिघडला की टायरची एकच कड गुळगुळीत होते. टो म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर. "फेंगड्या माणसाच्या चपला पाय," असं ते सांगतात, आणि समोरच्याच्या चपला खरंच पाहतात. स्टिअरिंग थरथरलं तर ते बॅलन्सिंग, त्याला अलाइनमेंट म्हणणाऱ्याशी ते बोलत नाहीत.

भाचीसाठी लोणारला मुलगा पाहायला गेलो. आत एकर, पगार, नोकरी चाललं होतं. मामा अंगणात, मुलाच्या गाडीपाशी. मुलगा पाणी घेऊन बाहेर आला.

"दोन्ही टायर आतून खाल्ले. कॅम्बर गेला."

"मामा, तळवा उलटा फिरवा. खरखर लागते ना? टो आहे. टाय रॉड एंड बदलला, अलाइनमेंट करायचं राहून गेलं."

मामांनी तळवा उलटा फिरवला. मग पुन्हा एकदा. धोतराला हात पुसत आत आले आणि एकरांवर आलेली बोलणी मध्येच तोडून म्हणाले, "ताई, पोरगा खरं बोलते. सुपारी फोडा."